तेजीत प्रवेश, मंदीत पदवी

बारावीचा निकाल लागला आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले, की महाराष्ट्रातील घराघरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते : सध्या कोणत्या शाखेला मागणी आहे? शेजारच्या मुलाला नोकरी लागली ती कोणत्या पदवीवर, मामांच्या कार्यालयात कोणाची भरती चालू आहे, यांवरून उत्तर शोधले जाते. वडील शिक्षक असोत, कारकून असोत वा बागाईतदार असोत, प्रश्न तोच असतो. या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सध्या’ हा आहे आणि सारा घोटाळा त्याच शब्दात आहे. प्रवेश आज घ्यावयाचा असतो. पदवी मात्र चार वर्षांनी मिळावयाची असते. विद्यार्थ्याला उभे राहावयाचे असते ते त्या चार वर्षांनंतरच्या बाजारात, आणि त्या बाजाराचे भाव आज कोणालाच ठाऊक नसतात.

अर्थव्यवस्थेतील तेजी-मंदीचा फेरा कोणाच्या पदवीदान समारंभाची तारीख पाहून फिरत नाही. त्यामुळे सारख्याच बुद्धीची, सारख्याच कष्टांची दोन मुले केवळ दोन वर्षांच्या अंतराने पदवीधर झाली, तरी त्यांच्या आयुष्याची सुरुवात अगदी वेगळी होऊ शकते. आपण मात्र पहिल्याला हुशार आणि दुसऱ्याला नालायक ठरवून मोकळे होतो. हा न्याय नव्हे, आणि अर्थशास्त्रही नव्हे.

कांद्याचे पीक आणि पदवीचे पीक

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला, की पुढच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातील शेतकरी अधिक क्षेत्रावर कांदा लावतो. त्याचे गणित एकट्यापुरते बरोबर असते. परंतु सर्वांनीच तसे केले, म्हणजे आवक वाढते व भाव कोसळतो. हात पोळलेला शेतकरी पुढे लागवड कमी करतो, आणि भाव पुन्हा चढतो. किंमत व पुरवठा यांचा हा प्रवास आलेखावर काढला, तर रेषा कोळ्याच्या जाळ्यासारखी फिरत राहते; म्हणून अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त असे नाव पडले. मॉर्डेकाय इझिकिएल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये त्याची व्यवस्थित मांडणी केली. पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड फ्रीमन यांनी तोच सिद्धान्त अभियंत्यांच्या बाबतीत लावून पाहिला. अभियंत्यांचे पगार चढले, की प्रवेशासाठी झुंबड उडते. चार वर्षांनी पदवीधरांचे पीक एकदम बाजारात येते. पगार उतरतात व प्रवेश घटतात. आणि आणखी चार वर्षांनी पुन्हा टंचाई भासू लागते.

कांद्यात आणि पदवीत एक मोठा फरक आहे. कांदा चार-पाच महिन्यांत हाती येतो; तो फसला, तर शेतकरी पुढच्या हंगामात पीक बदलू शकतो. पदवीचे पीक चार वर्षांचे, आणि बहुतेकांना ते आयुष्यात एकदाच घेता येते.

१९६६ चा अनुभव

हा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. दुसऱ्या व तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात धरणे, पोलाद कारखाने, वीजकेंद्रे उभी राहत होती. अभियंत्यांची वाण पडेल, अशी योजनाकारांना धास्ती होती. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालये झपाट्याने काढण्यात आली. त्या वेळी त्यांच्यात दाखल झालेल्या मुलाला पदवीपर्यंत पोचण्यास बहुधा पाच वर्षे लागत. इतक्यात १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. सरकारी गुंतवणुकीला कात्री लागली, चौथी योजना लांबणीवर पडली आणि १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे देशाने योजनेविनाच काढली. यंत्रसामग्रीच्या कारखान्यांत माल उठेना. नव्या भरतीचे तर नावच नको. हातात अभियंत्याची पदवी आणि खिशात सेवायोजन कार्यालयाचे नोंदणीपत्र, असे हजारो तरुण त्या वेळी देशभर दिसू लागले.

सरकारने काय केले? १९६८ मध्ये अभियांत्रिकीच्या प्रवेशसंख्येत कपात केली. वरवर पाहता उपाय बिनतोड वाटावा असाच होता. परंतु ज्या मुलाला त्या वर्षी प्रवेश नाकारला गेला, तो पदवीधर व्हावयाचा होता १९७३ च्या सुमारास. त्याच वर्षी आखाती देशांतील तेलाचे भाव चढले आणि पुढील काळात तेथे भारतीय अभियंत्यांना मागणी निघाली. १९६८ मध्ये हे कोणाला दिसणे शक्य नव्हते, आणि म्हणून त्याबद्दल कोणाला दोषही देता येणार नाही. धडा एवढाच, की बाप जसा आजचा बाजार पाहून निर्णय घेतो, तसेच सरकारही घेते. आणि दोघांचीही चूक सारखीच असते.

संगणकाची तेजी

१९८३ मध्ये महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर देणगी भरून कर्नाटकाची वाट धरणाऱ्या मुलांना घराजवळ दार उघडले, हे खरेच. मात्र त्या दिवसापासून जागांची संख्या ठरविण्यात बाजाराचा वाटा मोठा झाला, हेही तितकेच खरे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर संगणक व्यवसाय फोफावला आणि बाजाराची नाडी अमेरिकेतील तेजी-मंदीशी जोडली गेली.

मार्च २००० मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअरबाजाराने कळस गाठला आणि तो घसरू लागला. त्या देशात संगणकशास्त्राच्या पदव्यांची संख्या मात्र चढतच राहिली. तिचा कळस आला २००४ च्या सुमारास, म्हणजे तेजी संपून बरोबर चार वर्षांनी! तेजीत प्रवेश घेतलेले विद्यार्थी मंदीत पदवी घेऊन बाहेर पडत होते. कोळ्याच्या जाळ्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी पेढी बुडाली आणि त्याचे हादरे पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांपर्यंत पोचले. २००९ मध्ये पदवी घेतलेल्या अनेकांच्या हाती नेमणुकीचे पत्र होते, पण रुजू होण्याची तारीख पुढे पुढे ढकलली जात होती. एवढे होऊनही जागा वाढतच राहिल्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या अभियांत्रिकीच्या जागा, पदविकेपासून पदव्युत्तरपर्यंतच्या सर्व धरून, २०१४–१५ मध्ये जवळजवळ ३२ लाखांवर गेल्या. मग उलटा प्रवास सुरू झाला. महाराष्ट्रात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकाम्या राहू लागल्या, महाविद्यालये बंद पडू लागली, आणि २०२१–२२ मध्ये देशातील जागा सुमारे २३ लाखांवर उतरल्या.

२०२० पासून तर परिषदेने नवीन अभियांत्रिकी महाविद्यालयांना मान्यता देणेच थांबविले होते. आणि नेमक्या त्याच सुमारास, कोरोनाच्या साथीनंतर, संगणक कंपन्यांनी कधी नव्हे एवढी भरती केली! २०२१ व २०२२ मध्ये चढ्या पगारांच्या बातम्या घरोघरी वाचल्या गेल्या आणि संगणक शाखेकडे रीघ लागली. मग परिषदेने २०२३–२४ पासून नव्या महाविद्यालयांवरील बंदी उठविली आणि २०२४–२५ पासून शाखानिहाय प्रवेशसंख्येवरील मर्यादाही काढून टाकली. तोवर वारे फिरले होते. २०२३–२४ या आर्थिक वर्षात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नोकरवर्गात तेरा हजारांहून अधिक घट झाली, तर इन्फोसिसच्या नोकरवर्गात सुमारे सव्वीस हजारांची. तेजीच्या बातम्या वाचून २०२१ मध्ये दाखल झालेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला तो २०२५ मध्ये. दार बंद होते तेव्हा आत मेजवानी चालू होती. दार उघडले तेव्हा पंगत उठलेली होती.

शिक्षकांचे उदाहरण

हा फेरा केवळ खासगी बाजारातच फिरतो, असे समजण्याचे कारण नाही. सरकारी तिजोरीचीही तेजी-मंदी असते, आणि तिचा अनुभव महाराष्ट्रातील शिक्षकी पेशाइतका दुसऱ्या कोणाला आला नसेल. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. झाले की नोकरी हमखास, असा समज पसरला. त्याला आधारही होता. शाळांमध्ये भरती होत होती. बारावीला उत्तम गुण मिळविणारी ग्रामीण भागातील मुले-मुली पदवीचा नाद सोडून डी.एड.कडे वळली. मागणी पाहून संस्थाचालकांनी तालुक्या-तालुक्यांत अध्यापक विद्यालये काढली.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. लाखो विद्यार्थी फक्त हजेरीपटावरच असल्याचे उघड झाले, शिक्षक अतिरिक्त ठरू लागले आणि मे २०१२ मध्ये भरती थांबली. २०१० मध्ये डी.एड.ला प्रवेश घेतलेली मुलगी दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडली, ती थेट या बंद दाराशी. पुढे पवित्र पोर्टलमार्फत नेमणुका होऊ लागल्या त्या २०१९ मध्ये. मधली सात वर्षे तिने काय करावयाचे होते? कोणी विनाअनुदानित शाळेत नाममात्र मानधनावर शिकविले, कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी लग्न करून संसाराला लागल्या. दरम्यान विद्यार्थी मिळेनासे झाले आणि अनेक अध्यापक विद्यालयांना टाळे लागले. संस्थाचालकाने पाटी बदलली आणि इमारतीत दुसरा अभ्यासक्रम आणला. मुलीला मात्र आपली दोन वर्षे बदलून मिळाली नाहीत.

मंदीचा आसरा

मंदीचा शिक्षणावर आणखी एक परिणाम होतो आणि तो वरवर पाहता उलट दिशेचा भासतो. मंदीत एखाद्या शाखेचे प्रवेश घटले, तरी एकूण विद्यार्थ्यांची संख्या पुष्कळदा वाढते. याचे कारण सोपे आहे. नोकरीच मिळण्यासारखी नसेल, तर शिकत राहिल्याने बुडणारा पगारही नसतो. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर महाविद्यालयांतील विद्यार्थिसंख्या वाढत जाऊन २०१० मध्ये सुमारे २ कोटी १० लाखांवर पोचली, आणि रोजगार सुधारू लागताच ओसरू लागली.

आपल्याकडे हा आसरा बी.एड., विधी, एम.ए. यांच्या वर्गांत आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत शोधला जातो. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहत वर्षामागून वर्षे काढणारा तरुण कागदोपत्री विद्यार्थी असतो. वस्तुतः तो बेकार असतो. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ मध्ये भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर ग्रंथ लिहिला. ही बेकारी मोठ्या अंशी वाट पाहण्याची बेकारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते आजही लागू पडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातील पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते अवघे ३.४ टक्के होते. निरक्षराला वाट पाहणे परवडत नाही, तो मिळेल त्या कामाला लागतो. पदवीधराला घर काही काळ पोसते. या पोसण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि आईच्या दागिन्यांतून निघतो.

मंदी सरली म्हणजे सर्व सुरळीत होते काय? परदेशांतील अभ्यासांचे उत्तर फारसे दिलासा देणारे नाही. कॅनडातील पदवीधरांचा अनेक वर्षांचा मागोवा घेऊन फिलिप ओरिओपुलॉस, टिल फॉन वाख्टर व अँड्र्यू हाइझ यांनी २०१२ मध्ये असे दाखविले, की मंदीत पदवी घेणाऱ्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते आणि ती तूट भरून यावयास जवळपास दहा वर्षे लागतात. दुय्यम महाविद्यालयांतून आणि कमी मागणीच्या विषयांतून आलेल्यांची तूट अधिक खोल असते. पहिली नोकरी हलकी मिळाली, की कौशल्यही हलकेच मिळते, आणि पुढचा मालक अर्जदाराची किंमत त्यावरूनच करतो. कॅनडासारख्या संपन्न देशात दहा वर्षे लागतात, तर नंदुरबार वा गडचिरोलीच्या मुलाला किती लागतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

जोखीम कोणाची?

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. या सर्व व्यवहारात महाविद्यालयाला शुल्क आगाऊ मिळते. उद्योगाला तेजीत हवे तेवढे पदवीधर मिळतात आणि मंदीत तो दार लावून घेऊ शकतो. बँकेपाशी सहकर्जदार म्हणून बापाची सही असते. ज्याच्यापाशी माहिती सर्वांत कमी आणि साधनेही सर्वांत तोकडी, त्या अठरा वर्षांच्या मुलावर तेजी-मंदीची सारी जोखीम येऊन पडते. बाजार हळूहळू आपोआप समतोल साधेल, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की तो समतोल माणसांच्या आयुष्यातील वर्षे खर्ची घालून साधला जातो.

मग सरकारने जागा ठरवून द्याव्यात काय? १९६८ व २०२० चे अनुभव पाहता या मार्गावर फार विसंबता येत नाही. चार वर्षांनंतर किती अभियंते लागतील, हे सांगणारे पंचांग कोणापाशीच नाही. भविष्य सांगता येत नसेल, तर अंदाज चुकला तरी माणूस पूर्णपणे कोलमडणार नाही, अशी व्यवस्था करणे हाच शहाणपणा होय.

त्या दृष्टीने काही गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट माहितीची. महाविद्यालयाची जाहिरात सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा छापते. तो एका विद्यार्थ्याचा असतो. त्याऐवजी मागील दहा वर्षांत प्रत्येक वर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती प्रत्यक्ष कामावर रुजू झाले आणि मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे छापणे बंधनकारक करावे. त्या दहा आकड्यांत तेजीही दिसेल आणि मंदीही दिसेल. चढाबरोबर उतारही पाहिलेला पालक ‘सध्या’ या शब्दाला एवढा भुलणार नाही.

दुसरी गोष्ट शाखानिवडीची. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पुष्कळसा समान असतो. शाखेचा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत लांबविता आला, तर अंदाजाचे अंतर चार वर्षांवरून दोन वर्षांवर येईल. शिवाय गणित, भौतिकशास्त्र, लेखन यांचा पाया पक्का असलेला पदवीधर एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाऊ शकतो. एका संगणकभाषेपुरता तयार झालेला त्या भाषेबरोबरच जुना होतो.

तिसरी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. बाहेर तेजी आहे की मंदी, हे बँक विचारीत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून अशी पद्धत ठेवली आहे, की पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच परतफेड सुरू व्हावी आणि ती उत्पन्नाच्या प्रमाणात व्हावी. मंदीची जोखीम यात विद्यार्थी आणि समाज वाटून घेतात. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणणे अवघड असेल. परंतु नोकरी नसताना हप्ता थांबविण्याची सोय करणे अवघड नाही.

चौथी गोष्ट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कक्षेत अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणले गेले ते १९७३ च्या दुरुस्तीने. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. अशा योजना निवडणुकीच्या हंगामापेक्षा मंदीच्या हंगामाशी जोडल्या पाहिजेत. बाजार थंडावला की जागा वाढाव्यात आणि बाजार तापला की त्या आपोआप कमी व्हाव्यात, असा त्यांचा नियम असावा. सरकारी भरतीलाही हेच लागू आहे. सात वर्षे काहीच नाही आणि मग एकदम हजारोंची जाहिरात, यापेक्षा दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांच्या प्रमाणात थोडी थोडी भरती केली, तर तिजोरीवर फार भार न पडता हजारो तरुणांची उमेद वाचेल.

हे सर्व होईल तेव्हा होवो. तोवर पालकांना आणि शिक्षकांना एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. शाखेचा निर्णय घेताना ‘सध्या कशाला मागणी आहे’ या प्रश्नाच्या आधी ‘बाजार पडला तरी या मुलाला कोणते काम मन लावून करता येईल’ हा प्रश्न विचारावा. आणि मंदीच्या वर्षी पदवी घेऊन घरी परतलेल्या मुलाकडे, त्याने काही गुन्हा केला आहे अशा नजरेने पाहू नये. पावसाने ओढ दिली म्हणून पेरणी वाया गेली, तर गावात कोणी शेतकऱ्याला आळशी म्हणत नाही. तेवढा समंजसपणा आपण आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ द्यावयास हवा.